रविवारचा सैनिक : सर जॉन मोनॅश

एन.सी.सी.मध्ये असणाऱ्यांकडे हॉस्टेलवर कसं बघितलं जातं हे मी वेगळं सांगायला नको. रविवारी सकाळी सगळी विंग झोपलेली असताना हे लोक बूट चकाचक करून ग्राउंडवर निघतात, आणि परत येईपर्यंत मेसमधला नाश्ता संपलेला असतो. बाकीच्यांचं मत ठरलेलं : सर्टिफिकेटसाठी चाललंय सगळं, खऱ्या युद्धात याचा काय उपयोग? अर्धवेळ शिकलेला सैनिक तो अर्धाच सैनिक, असा एक समज आपल्याकडे आहे. फक्त आपल्याकडेच नाही, जगातल्या बऱ्याच फौजांमध्ये आहे.

हा समज ज्या माणसाने खोटा पाडला तो आपल्याच जातकुळीतला, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर होता. त्याचं नाव सर जॉन मोनॅश. पवईला आय.आय.टी. बॉम्बेच्या कॅम्पसवर २००८ साली आय.आय.टी.बी.-मोनॅश रिसर्च अकॅडमी सुरू झाली, तिच्या नावातला मोनॅश तो हाच. मेलबर्नची मोनॅश युनिव्हर्सिटी आपल्याकडच्या एम.एस. करायला निघालेल्या मुलामुलींना चांगली माहीत असते. पण मोनॅश हा कोण, हे विचारलं तर बहुतेकजण गप्प बसतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉन मोनॅशचा जन्म २७ जून १८६५ रोजी मेलबर्नमध्ये झाला. आईवडील ज्यू, प्रशियातल्या क्रोतोशिन या गावातून (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) ऑस्ट्रेलियात आलेले. घरात जर्मन बोलली जायची. धंद्यासाठी वडील न्यू साउथ वेल्समधल्या जेरिल्डरी नावाच्या लहानशा गावात गेले आणि तिथे दुकान टाकलं. मुलगा हुशार आहे, याला इथे ठेवू नका, असं तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी घरी सांगितलं. मग आई मुलांना घेऊन मेलबर्नला परतली, वडील दुकानापाशी राहिले. जॉनने स्कॉच कॉलेज या नामांकित शाळेत शेवटच्या वर्षी संयुक्तपणे पहिला नंबर मिळवला. गणितात तर त्याला तोड नव्हती.

इथपर्यंत गोष्ट नेहमीच्या टॉपरसारखी वाटते. पुढची ऐका. १८८२ साली साहेब मेलबर्न युनिव्हर्सिटीत दाखल झाले आणि पहिल्याच वर्षी चक्क नापास झाले! कारण? लेक्चर्सना दांडी. दिवसभर पब्लिक लायब्ररीत बसून सिलॅबसबाहेरचं वाचायचं, संध्याकाळी नाटकं बघायची, पियानो वाजवायचा, वादविवादात भाग घ्यायचा. धक्का बसल्यावर त्याने अभ्यास मनावर घेतला आणि तो पुढे सरकला. पण उचापती काही थांबल्या नाहीत. विद्यार्थ्यांची युनियन स्थापन करण्यात तो पुढे होता, आणि युनिव्हर्सिटीचं मासिक सुरू झालं तेव्हा त्याच्या संपादकांपैकीही एक होता. (आमच्या संपादक मंडळाने याची नोंद घ्यावी. कॉलेज मॅगझिनचं काम करणारे पुढे वाया जातातच असं नाही.)

याच काळात, १८८४ साली, तो युनिव्हर्सिटीच्या अर्धवेळ सैनिकी तुकडीत शिपाई म्हणून भरती झाला. आपल्या एन.सी.सी.शी मिळतीजुळती गोष्ट. फरक एवढाच की ऑस्ट्रेलियात तेव्हा मोठी खडी फौज नव्हतीच. मिलिशिया म्हणजे नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कवायत करणारे नागरिक, आणि देशाचं संरक्षण मुख्यतः त्यांच्यावर सोपवलेलं. कारकून, शेतकरी, शिक्षक, दुकानदार, असे सगळे त्यात असत.

१८८५ मध्ये आई वारली. वडिलांच्या धंद्याची घडी आधीच विस्कटलेली होती. बहिणींची जबाबदारी होती. जॉनने शिक्षण अर्धवट सोडलं आणि कामाला लागला. मेलबर्नच्या यारा नदीवर प्रिन्सेस ब्रिजचं काम चालू होतं, तिथे कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली. आपण ज्याला साइट एक्स्पिरियन्स म्हणतो तो त्याला डिग्रीच्या आधीच मिळाला. १८८८ साली, बावीस-तेवीस वर्षांच्या या मुलाकडे मेलबर्नच्या आउटर सर्कल रेल्वेच्या बांधकामाची सूत्रं आली. काम सांभाळून त्याने राहिलेला अभ्यास पुरा केला. १८९१ ला इंजिनिअरिंगची डिग्री, १८९३ ला मास्टर्स, आणि १८९५ ला आर्ट्स आणि लॉ या दोन्ही! १८९१ मध्येच हॅना व्हिक्टोरिया मॉस हिच्याशी लग्न झालं, दोन वर्षांनी मुलगी झाली. १८८७ पासून तो मिलिशियाच्या तोफखान्यात अधिकारीही होता. एका माणसाच्या दिवसाला चोवीसच तास असतात यावर माझा तरी विश्वास उडाला.

पण आयुष्य काही सबमिशनच्या तारखा बघून वागत नाही. १८९० नंतर मेलबर्नमध्ये भयंकर मंदी आली आणि १८९४ मध्ये त्याची नोकरी गेली. तेव्हा त्याने जे. टी. नोबल अँडरसन या इंजिनिअरबरोबर स्वतःची फर्म काढली. त्या काळी रीइन्फोर्स्ड काँक्रीट म्हणजे अगदी नवलाची वस्तू होती. फ्रान्समधल्या मोनिए याच्या पेटंटवरून काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालून कमानी पूल बांधायला या दोघांनी सुरुवात केली. मेलबर्नचा १८९९ चा मोरेल ब्रिज त्यांचाच. तो आजही पादचाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या वापरात आहे.

मग १९०१ साल उजाडलं. बेंडिगो गावात किंग्ज ब्रिज तयार झाला होता. मे महिन्यात त्याची लोड टेस्ट घेतली. वजन म्हणून त्यावर स्टीम रोलर आणि ट्रॅक्शन इंजिन चढवलं आणि कमान कोसळली. एका माणसाचा जीव गेला. हा पूल नदीला काटकोनात नव्हता, बराच तिरका होता. अशा तिरक्या कमानीत बल कसं वाहतं याचं गणित तेव्हा कुणालाच नीट उमगलेलं नव्हतं. स्ट्रक्चर्सच्या पेपरात आपण एखादं असम्प्शन बिनधास्त लिहून पुढे जातो, दोन मार्क गेले तर गेले. इथे असम्प्शनची किंमत एक माणूस होती. मोनॅशच्या फर्मने पूल स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधून दिला. दुसऱ्या एका पुलाच्या पैशांचा दावा कोर्टात हरला. फर्म हजारो पौंडांनी बुडाली आणि १९०२ मध्ये अँडरसन न्यूझीलंडला निघून गेला. मागे उरला मोनॅश आणि कर्ज.

दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. काँक्रीटचे पाइप, पाण्याच्या टाक्या, इमारती, जे मिळेल ते काम घेत राहिला. डेव्हिड मिचेल या कॉन्ट्रॅक्टरबरोबर १९०५ मध्ये नवी कंपनी उभी केली आणि काही वर्षांत सगळं कर्ज फेडून श्रीमंतही झाला. (मिचेल म्हणजे जगप्रसिद्ध गायिका नेली मेल्बाचे वडील. आज ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर एका बाजूला मेल्बा आणि दुसऱ्या बाजूला मोनॅश आहे.)

या सगळ्या धावपळीत मिलिशिया मात्र त्याने सोडली नाही. तोफखान्याच्या बॅटरीचा तो अकरा वर्षं प्रमुख होता. सरावासाठी खरी तोफ मिळत नाही म्हणून एका सहकाऱ्याबरोबर त्याने नकली तोफ बनवली, म्हणजे सैनिकांना निदान हाताळणी तरी शिकता यावी. जुगाड ही काय फक्त आपलीच मक्तेदारी नाही! १९०८ पासून नकाशे आणि माहिती गोळा करणाऱ्या इंटेलिजन्स कोअरमध्ये आणि १९१३ मध्ये कर्नल होऊन एका मिलिशिया ब्रिगेडचा कमांडर. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, यशस्वी उद्योजक होता. एका गोळीचाही आवाज त्याने युद्धात ऐकलेला नव्हता.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इथे एक तांत्रिक अडचण होती. १९०३ च्या कायद्याप्रमाणे मिलिशियातल्या सैनिकाला देशाबाहेर लढायला पाठवता येत नव्हतं. म्हणून बाहेर पाठवण्यासाठी निव्वळ स्वयंसेवकांची वेगळी फौज उभारली गेली. तिच्या चौथ्या ब्रिगेडचं नेतृत्व मोनॅशकडे आलं. ब्रिगेड म्हणजे साधारण चार हजार माणसं, चार बटालियन. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, टास्मानिया, दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया, सगळीकडची पोरं त्यात होती. नाव जर्मन वाटतं, धर्म ज्यू, आणि वर अर्धवेळ सैनिक! कुजबुज सुरू झाली. पण वरिष्ठांनी त्याला हलवलं नाही.

एप्रिल १९१५ मध्ये ही ब्रिगेड तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. उभे कडे, वर तुर्की सैनिक, खाली आपण. ज्या दरीतून ब्रिगेडची ये-जा चालायची तिला मोनॅश व्हॅली हेच नाव पडलं. २ मे च्या रात्री समोरच्या टेकडीवर हल्ला करायचा हुकूम आला. तो पार फसला आणि एका रात्रीत शेकडो माणसं पडली. ऑगस्टमध्ये हिल ९७१ हे शिखर घ्यायचं ठरलं. डाव्या बाजूने मोनॅशची ब्रिगेड आणि तिच्या जोडीला आपली २९ वी इंडियन ब्रिगेड, म्हणजे शीख आणि गुरखे. अंधारात घळींमधून रस्ता चुकला, नकाशे निरुपयोगी, माणसं हगवणीने आधीच अर्धमेली. शिखर हाती आलं नाही. मोनॅशच्या नेतृत्वावर तेव्हाही टीका झाली आणि नंतरच्या इतिहासकारांनीही केली. म्हणजे या माणसाच्या लढाईची सुरुवातही त्याच्या कॉलेजसारखीच, पहिल्या वर्षी गचके खात झाली. फरक एवढाच की इथे पुन्हा परीक्षा देण्याची सोय सगळ्यांना नव्हती.

डिसेंबर १९१५ मध्ये गॅलिपोली सोडून सैन्य निघालं, आणि पुढच्या वर्षी युरोपात गेलं. जुलै १९१६ मध्ये मोनॅश मेजर जनरल झाला, नव्या तिसऱ्या डिव्हिजनचा प्रमुख. इंग्लंडमध्ये या डिव्हिजनला त्याने महिनोन् महिने ट्रेनिंग दिलं. जून १९१७ मध्ये बेल्जियममधल्या मेसीनला त्याची तयारी फळली. पण ऑक्टोबरमध्ये पाशेंडेलला पावसाने सगळा चिखल झाला. त्याने चोवीस तासांची मुदत मागितली, ती मिळाली नाही आणि १२ ऑक्टोबरचा हल्ला चिखलात रुतला.

या अनुभवांतून त्याचं मत पक्कं होत गेलं की पायदळाच्या छातीवर लढाई जिंकायची ही पद्धतच चुकीची आहे. तोफा, मशीनगन, रणगाडे, विमानं यांच्या आडोशाने पायदळाला कमीत कमी नुकसानीत पुढे नेलं पाहिजे. थोडक्यात, लढाई म्हणजे एक प्रोजेक्ट. ड्रॉइंग आधी पूर्ण, मटेरियल जागेवर, प्रत्येक माणसाला आपलं काम माहीत, आणि मगच सुरुवात.

मे १९१८ च्या अखेरीस संपूर्ण ऑस्ट्रेलियन कोअरची, म्हणजे पाच डिव्हिजनची, सूत्रं त्याच्याकडे आली. त्याच्या विरोधात काही वजनदार ऑस्ट्रेलियन पत्रकारांनी थेट पंतप्रधानांपर्यंत खटपट केली. ती मोहीम चालू असतानाच त्याने आपली पहिली मोठी लढाई आखली. जागा होती फ्रान्समधलं ल हामेल हे गाव, तारीख ४ जुलै १९१८.

ही लढाई मॅनेजमेंटच्या तासाला शिकवावी अशी आहे. शेवटच्या मीटिंगचा अजेंडा शंभराहून जास्त मुद्द्यांचा होता. एकदा ठरलं की पुन्हा बदल नाही हा नियम. आधीचे बरेच दिवस शत्रूवर विषारी गॅस आणि धूर एकत्र सोडायचे, म्हणजे धूर दिसला की जर्मन सैनिक सवयीने मास्क चढवणार. हल्ल्याच्या दिवशी नुसता धूर! रणगाड्यांचा आवाज झाकायला वरून विमानं घिरट्या घालणार. पुढे पोचलेल्या मशीनगनवाल्यांना विमानातून पॅराशूटने काडतुसं. तारा, पाणी, दारूगोळा वाहून न्यायला चार रणगाडे, जे काम एरवी हजारभर माणसांना पाठीवर करावं लागलं असतं.

यात एक अडचण माणसांची होती. या हल्ल्यात त्याची जुनी चौथी ब्रिगेडही होती आणि तिचा रणगाड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. एप्रिल १९१७ मध्ये बुलेकूरला रणगाडे बंद पडले होते आणि ब्रिगेडच्या सुमारे ३००० पैकी २३०० हून जास्त माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली होती. नुसत्या ऑर्डरने असा अविश्वास जात नाही. मोनॅशने बटालियन्सना गाड्या भरून रणगाड्यांच्या तळावर पाठवलं. सैनिक रणगाड्यांवर बसले, आत शिरले, ते चालवणाऱ्यांशी गप्पा मारल्या, एकत्र सराव केला. मशीन आपल्या बाजूचं आहे ही खात्री पटली तेव्हा कुठे काम सुरू झालं.

ऐन वेळी आणखी एक पेच. हल्ल्यात सामील होणारे अमेरिकन सैनिक काढून घ्या असा हुकूम आला. काही कंपन्या परत गेल्यासुद्धा. उरलेल्याही गेल्या तर लढाईच रद्द करावी लागेल, असं मोनॅशने वरिष्ठांना ठामपणे कळवलं. पद जाण्याची शक्यता होती. अखेर त्याचं ऐकलं गेलं. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी हल्ला सुरू झाला. प्लॅन ९० मिनिटांचा होता, गाव हाती आलं ९३ मिनिटांत. तीन मिनिटांचा डीले! सुमारे १६०० जर्मन कैदी झाले. मित्रपक्षाची साधारण १४०० माणसं मेली किंवा जखमी झाली. त्या युद्धाच्या मानाने हा आकडा लहान धरतात, पण ज्यांच्या घरी तार गेली त्यांच्यासाठी तो लहान नव्हता, हे मोनॅशलाही कळत असणार. बेंडिगोचा पूल तो विसरला नसेल असं आपलं मला वाटतं.

पाचच आठवड्यांनी, ८ ऑगस्टला, हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर आमियाँजवळ वापरली गेली. ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन कोअर शेजारी शेजारी पुढे सरकले आणि एका दिवसात जर्मन आघाडी मैलोगणती मागे रेटली गेली. चार दिवसांनी राजा पाचवा जॉर्ज याने मोनॅशला त्याच्या मुख्यालयातच नाइट केलं. पुढे माँ सें-काँतँ, पेरोन, हिंडेनबर्ग लाइन. नोव्हेंबरमध्ये युद्ध संपलं. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखही नव्हती. चार लाखांवर लोक फौजेत गेले, साठ हजारांवर परतले नाहीत. सक्तीच्या भरतीसाठी दोनदा मतदान घेतलं गेलं, १९१६ आणि १९१७ साली, आणि दोन्ही वेळा जनतेने नाही म्हटलं. म्हणजे ही सगळी फौज आपखुशीने आलेल्यांची होती.

युद्ध संपल्यावर सुमारे १ लाख ६० हजार सैनिकांना घरी पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं. जहाजांची वाट बघत रिकामी बसलेली तरुण पोरं काय करणार? त्याने त्यांच्यासाठी कोर्सेस आणि कारखान्यांत कामाचं शिक्षण सुरू केलं. आठेक महिन्यांत बहुतेक सगळे रवाना झाले. तो स्वतः १९१९ च्या डिसेंबरअखेर घरी पोचला. दोन महिन्यांत पत्नी कॅन्सरने गेली.

यानंतर तो पुन्हा इंजिनिअर झाला. व्हिक्टोरिया राज्य दगडी कोळशासाठी शेजारच्या राज्यावर अवलंबून होतं. स्वतःकडे होता तो तपकिरी कोळसा, ज्याच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त पाणी! असला ओला कोळसा जाळून वीज करायची हे अवघड काम १९२० पासून त्याने राज्याच्या वीज मंडळाचा प्रमुख म्हणून हाती घेतलं. जर्मनीतलं, म्हणजे कालच्या शत्रूचं, तंत्रज्ञान अभ्यासून वापरलं. यालोर्न इथे खाण, पॉवर स्टेशन, कामगारांसाठी नवं गाव उभं राहिलं, आणि १९२४ मध्ये तिथली वीज जवळजवळ दीडशे किलोमीटरवरच्या मेलबर्नमध्ये पोचली. त्याच वेळी तो मेलबर्न युनिव्हर्सिटीचा व्हाइस चॅन्सेलर होता. हो, जिथे फर्स्ट इयरला नापास झाला तिथलाच.

१९३० च्या आसपास पुन्हा मंदी आली. बेकारी वाढली, सरकारं डळमळली. तेव्हा काही बडी मंडळी त्याला गळ घालू लागली की तुम्ही माजी सैनिकांना हाक द्या आणि देश ताब्यात घ्या. त्या काळी युरोपात असे प्रकार होतही होते. मोनॅशच्या एका शब्दावर हजारो लोक रस्त्यावर आले असते. त्याने साफ नकार दिला. सरकार बदलायचं ते मतपेटीतून, सैनिकाचं ते काम नव्हे, ही त्याची भूमिका होती. मला विचाराल तर हामेलपेक्षा हा विजय मोठा.

१९३१ च्या सुरुवातीला नवी दिल्लीच्या उद्घाटनासाठी तो ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणून भारतात आला होता. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला हृदयविकाराने तो गेला. अंत्ययात्रेला अडीच लाखांवर लोक होते असं सांगतात. कबरीवर त्याच्या इच्छेप्रमाणे फक्त जॉन मोनॅश एवढंच कोरलं आहे. सर नाही, जनरल नाही, एकही डिग्री नाही.

आणि त्याची ब्रिगेड? १९२१ पासून ती मेलबर्न भागातल्या अर्धवेळ सैनिकांची ब्रिगेड झाली. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत जपान्यांशी लढली. आज ती व्हिक्टोरियातली आर्मी रिझर्व्ह ब्रिगेड आहे. तिच्यातले लोक आठवडाभर आपापल्या नोकरीवर असतात आणि गरज पडली की वर्दी चढवतात. फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांमध्ये १७३ माणसं गेली, तेव्हा हे लोक शोध आणि मदतीसाठी गेले. जानेवारी २०२० च्या वणव्यांच्या वेळी तर सरकारने देशभरातल्या सुमारे ३००० राखीव सैनिकांना सक्तीने बोलावलं. आपत्तीसाठी असं प्रथमच घडलं. व्हिक्टोरियातल्या कामाचा कणा हीच चौथी ब्रिगेड होती. रस्त्यावर पडलेली झाडं काढणं, तुटलेल्या गावांना अन्नपाणी पोचवणं, कुंपणं उभारणं, अशी ही कामं. बंदूक कमी आणि चेनसॉ जास्त.

आपल्याकडेही १९४९ पासून टेरिटोरियल आर्मी आहे. नोकरीधंदा असलेल्या नागरिकांनाच तिथे अधिकारी होता येतं, आणि मराठा लाइट इन्फंट्रीची तिची एक बटालियन पुण्यात आहे. प्लेसमेंटनंतर हा रस्ता बंद होत नाही, उलट तिथूनच सुरू होतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

मित्रांनो, मोनॅश जीनियस होता म्हणून आपल्याला काही करायचं कारण नाही, असं म्हणून पान उलटू नका. पहिल्या वर्षी नापास झालेला, शिक्षण मध्येच सोडावं लागलेला, ज्याचा पूल पडला, ज्याचा पार्टनर गेला, ज्याची पहिली लढाई फसली, असाही तो होता. तीस वर्षं तो संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी नकली तोफेवर सराव घेत राहिला, आणि त्याचा उपयोग होईल की नाही हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा पुढच्या रविवारी विंगमधलं कुणी परेडला निघालं तर हसू नका. जमलं तर त्याच्यासाठी मेसमध्ये दोन इडल्या तेवढ्या बाजूला ठेवा.